ळ कोणाचा?

आमच्या घरात संशयाला कधी सुट्टी नसे. बाबा बाजारात बांगडे घेताना कल्ला उघडून बघायचे, आणि कोळणीने तो चटकन बघू दिला तर ‘एवढ्या सुखासुखी दाखवते म्हणजे काहीतरी गोम आहे’ असं म्हणून पुढच्या टोपलीकडे वळायचे. गिरणी बंद पडल्यापासून त्यांच्याकडे वेळच वेळ होता, आणि त्यातला बराचसा कोण कशासाठी काय करतंय हे ताडण्यात जायचा. मी त्यांचीच लेक. त्यात अंधेरीला एमआयडीसीमधल्या एका जाहिरातीच्या स्टुडिओत नोकरीला लागलेली. दिवसभर तेलाच्या बाटलीवरच्या बाईचे केस आणखी लांब करायचे आणि बिस्किटाच्या पुड्यावरचं मूल आणखी गुटगुटीत. असं काम करणाऱ्या माणसाचा कुठल्याही चित्रावर विश्वास राहत नाही. माझाही राहिला नव्हता.

आम्ही वाकोल्याला राहायचो, नाल्याच्या अलीकडच्या चाळीत. चाळीत बहुतेक सगळे कोकणातले. नाल्यापलीकडे वस्ती होती, तिथे विदर्भ-मराठवाड्याकडून आलेली बौद्ध कुटुंबं. मधल्या फळकुटाच्या पुलावरून जाणं-येणं होतं, दुकान एकच होतं, पण एका बाजूची पोरं दुसऱ्या बाजूला अभ्यासाला बसत नसत. हे बाईंना खुपायचं.

बाई म्हणजे वस्तीत राहणाऱ्या, म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवणाऱ्या बाई. त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे. संध्याकाळी त्या दहावीच्या मुलांना फुकट शिकवायच्या. भूमितीशी माझं कधीच पटलं नव्हतं, तरी मी दहावी पार झाले ती त्यांच्यामुळे. एक दिवस त्यांचा वर्ग आमच्या चाळीच्या मंडळाच्या खोलीत भरायचा आणि दुसऱ्या दिवशी तिकडे विहारात. आमच्या खोलीत गणपती बसायचा म्हणून वस्तीतली पोरं तिथे येत नसत, आणि विहारात चाळीतली. बाई तेच प्रमेय आज इकडे आणि उद्या तिकडे शिकवायच्या. त्यांचा एक कडक नियम होता: वर्गात कोणी कोणाचं आडनाव विचारायचं नाही आणि सांगायचंही नाही. पहिल्या नावाने हाक मारायची, बस. आता आपल्या लोकांना आडनाव कळल्याशिवाय माणूस कळल्यासारखं वाटत नाही. त्यामुळे हा नियम मुलांनी पाळला, पण आईबापांच्या जिवाला घोर लागला.

मग बाईंचा घसा बसला. डॉक्टरांनी बोलणं निम्म्यावर आणा म्हणून सांगितलं. म्हणजे दोनांतला एक वर्ग बंद करायचा, नाहीतर दोन्हींचा मिळून एक करायचा. हमरस्त्यावरच्या शाळेचे हेडमास्तर संध्याकाळी दोन खोल्या द्यायला तयार होते. शाळा ना चाळीची ना वस्तीची, म्हणजे हवी तशीच. पण त्यांची अट होती की खोल्या एकट्या माणसाला मिळणार नाहीत, संस्थेला मिळतील. संस्थेला नाव हवं, बोधचिन्ह हवं, दारावर पाटी हवी, आणि नाल्याच्या दोन्ही बाजूंची संमती हवी, कारण पुढे भांडणं झाली तर ती त्यांना निस्तरायची नव्हती. हे जमलं नाही तर बाई एक वर्ग बंद करणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. बंद होणार तो आमचाच, अशी चाळीची खात्री होती. वस्तीचीही आपल्या वर्गाबद्दल तीच खात्री होती.

नाव आणि चिन्ह करून द्यायचं काम बाईंनी माझ्यावर टाकलं. त्या आमच्या घरी येऊन सांगून गेल्या, चहा प्यायल्या.

त्या चहाविषयी सांगायला हवं. आमच्याकडे सहा पांढऱ्या कपांचा सेट होता, पाहुण्यांसाठी. सगळे एकसारखे. एकदा भांडी लावताना मला एका कपाच्या बुडाला लाल ठिपका दिसला. नेलपॉलिशचा. आणि नेलपॉलिश माझीच, पहिल्या पगारातून घेतलेली, जिच्यावरून आईने दोन दिवस तोंड फुगवलं होतं. आईने जन्मात नखं रंगवली नव्हती. मी विचारलं तेव्हा ती शांतपणे म्हणाली की चाळीत भांडी इकडची तिकडे होतात, म्हणून खूण केली. मग उरलेल्या पाचांना का नाही केली, असं मी विचारलं. ती पीठ मळायला लागली.

त्यानंतर मी लक्ष ठेवलं. बाई आल्या की त्यांच्यापुढे तोच कप यायचा. मला आईचा संताप आला, आणि लाजही वाटली. पण बोलले नाही, कारण बोलायचं तर काय, आई म्हणणार तुझ्या डोक्यात पाप आहे. बाबांना हे ठाऊक होतं की नाही ते कळायला मार्ग नव्हता. आणि बाईंना? बाई चहा झाला की स्वतः उठून कप विसळायच्या आणि मोरीच्या कट्ट्यावर उपडा घालून ठेवायच्या. उपडा, म्हणजे ठिपका वर. त्यांची ती सवय होती की उत्तर होतं, हे मी कितीतरी वेळा स्वतःला विचारलं.

तर मी चिन्हं काढायला बसले. स्टुडिओतले आमचे साहेब म्हणायचे, चित्र बघून माणसाने विचार करता कामा नये, त्याला नुसतं आपलं वाटलं पाहिजे. मी म्हटलं, दोघांनाही आपलं वाटेल असं काय आहे? पिंपळाचं पान. इकडे पिंपळाचा पार, तिकडे बोधिवृक्ष. आपल्या हुशारीवर खूश होऊन मी ते पान सुबक रेखाटलं आणि दोन्हीकडची चार-चार माणसं मंडळाच्या खोलीत जमली तेव्हा समोर ठेवलं.

बाबांनी कागद हातात घेऊन उजेडात धरला, जणू नोट खोटी आहे का बघत होते.

“ह्यां पान कोणाचां?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, पिंपळाचं. तसे ते म्हणाले की ते दिसतंय, पण कुठल्या पिंपळाचं? आमच्या की त्यांच्या? वस्तीकडून टेलरिंगचं काम करणारे एक मास्तर यायचे, मोठे फटकळ. ते म्हणाले की पारावरचा पिंपळ दाखवून आमच्या पोरांना गणपतीच्या खोलीत बसवायचा हा डाव आहे. दोघांनाही आपलं वाटण्याऐवजी दोघांनाही ते दुसऱ्याचं वाटलं. जाहिरातीच्या धंद्यात एवढं यश मी कुठल्याच चित्राला मिळालेलं पाहिलं नव्हतं.

मग उघडं पुस्तक काढलं, त्यातून किरण निघताहेत. बाबांनी किरण मोजले आणि आठच का म्हणून विचारलं. मला खरंच ठाऊक नव्हतं, जागा तेवढी होती. बाबा म्हणाले की आठ म्हणजे त्यांच्या धर्मातल्या आठ वाटा, आपल्याला सगळं कळतं. मी दोन किरण खोडून सहा केले. मास्तरांनी विचारलं, खोडलं का? आणि पुस्तक कुठलं ते आधी सांगा. पेन्सिल धरलेला हात काढला तर हात निवडणुकीतला. सूर्य, दिवा, शिडी, सायकल, काय म्हणाल ते वाकोल्याच्या भिंतींवर कोणत्या ना कोणत्या उमेदवाराच्या नावापुढे रंगवलेलं होतं. देवाने आणि निवडणूक कचेरीने मिळून जगातल्या सगळ्या वस्तू वाटून टाकल्या होत्या. रंगांचं तेच. भगवा गेला, निळा गेला, हिरव्या-लालचं तर नावच नको. घरी पांढरा काढून बघितला तर आई आतून म्हणाली, कोण गेलं?

एकूण तीन बैठका अशा पार पडल्या. हेडमास्तरांनी निरोप पाठवला की परीक्षा जवळ येते आहे, खोल्या दुसरे लोकही मागताहेत. बाईंचा आवाज आता इतका खाली गेला होता की मागच्या रांगेतली मुलं ओठांकडे बघून लिहून घ्यायची. आणि मला मात्र आता सगळ्यांचाच संशय यायला लागला होता. बाबा मुद्दाम मोडता घालताहेत का, म्हणजे वर्ग मंडळाच्या खोलीतच राहील आणि किल्ली नेहमीसारखी त्यांच्याकडेच? मास्तर मुद्दाम घालताहेत का, म्हणजे विहारातला राहील?

एका संध्याकाळी मी स्टुडिओतून परस्पर मंडळाच्या खोलीवर गेले. बाई यायच्या होत्या आणि मुलांच्या भेंड्या चालल्या होत्या. कोणाचंतरी गाणं ळ वर संपलं आणि वाद पेटला. एक गट म्हणे ळ वरून काहीच सुरू होत नाही, ल घ्या. दुसरा म्हणे ल का म्हणून घ्यायचा, तुमच्यावर भेंडी चढली. एक मुलगी कंटाळून म्हणाली, “जाऊ दे गं, ळ कोणाचाच नाही.”

दारात बाई उभ्या होत्या. त्या आत आल्या, खडू घेतला, काळ्या फळ्यावर भला मोठा ळ काढला आणि माझ्याकडे बघितलं. मुलांना वाटलं शुद्धलेखन सुरू झालं. मी मात्र पर्समधून पेन्सिल काढली. ळ ने जगात कोणाचं नाव सुरू होत नाही, कुठला पक्ष सुरू होत नाही, कुठला देव सुरू होत नाही. कोणाच्या नावाचं आद्याक्षर म्हणून तो कोणीही मिरवू शकत नाही. आणि फळ्याचा काळा रंग कोणी मागितलेलाच नव्हता. नावही समोरच होतं: फळा.

पुढच्या बैठकीला मी काळ्या कागदावर पांढऱ्या रंगाने, खडूने काढल्यासारखा थोडा खरबरीत ळ काढून नेला. खाली ‘फळा’ एवढंच. बराच वेळ कोणी काही बोललं नाही. हे बघून मला भीती वाटली, कारण आमच्याकडे शांतता म्हणजे संशय पाणी पिऊन ताजा होत असतो. मास्तरांनी विचारलं की ण वरूनही काही सुरू होत नाही, मग ळ च का? मी म्हटलं, ण बाणाचा. भिंतीवरचे बाण सगळ्यांना आठवले आणि मास्तर हसले. ळ नळाचा, असं कोणीतरी पुरवलं. नळाचं पाणी दोन्हीकडे सारखंच कमी यायचं, त्यामुळे त्यावर वाद झाला नाही.

बाबा मात्र कागद सोडेनात. ते ओठ हलवत काहीतरी पुटपुटत होते. मग त्यांनी कागद खाली ठेवला.

“ह्यां अक्षर बाईंच्या आडनावात आसा,” ते म्हणाले.

खोलीतली सगळी हवाच गेली. बाबांनी बाईंचं आडनाव कुठून काढलं होतं कोण जाणे, पण काढलं होतं. चाळीतली बाकीची तीन माणसं त्यांच्याकडे सरकली. मास्तर उठून उभेच राहिले. मला बाबांचा एवढा राग आला की तो कागद त्यांच्या हातातून ओढून घ्यावासा वाटला. आता संपलं, असं मला वाटलं.

बाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, “आहे ना.” आणि त्यांनी स्वतःचं आडनाव उच्चारलं. हळू, पण स्पष्ट. मधोमध ळ होता. त्यांच्या तोंडून ते आम्ही कोणी कधी ऐकलं नव्हतं. आडनाव ऐकल्यावर माणसांचे डोळे क्षणभर जे करतात ते तिथल्या काही डोळ्यांनी केलं, आणि बाईंनी ते पाहिलं.

मग त्या बाबांना म्हणाल्या, “आता तुमचं म्हणा. मोठ्यानं.”

बाबा म्हणाले की माझ्या आडनावाचा इथे काय संबंध, त्यात ल आहे. खरंच होतं. आमच्या रेशन कार्डावर ल होता, माझ्या शाळेच्या दाखल्यावर ल होता, मीही जन्मभर ल लिहीत आले होते. बाई म्हणाल्या, लिहू नका, म्हणा. गावाला म्हणता तसं.

बाबांनी म्हटलं. आणि त्यांच्या मालवणी जिभेवरून तो ळ असा घरंगळत आला की सगळ्या खोलीला ऐकू गेला. त्यांनी तोंड मिटलं. पुन्हा एकदा, स्वतःशीच, आडनाव म्हणून बघितलं. गिरणीच्या कारकुनाने हजेरीला इंग्रजीत लिहिलं, तिथून कोणीतरी ते परत मराठीत उतरवलं, आणि ह्या येण्याजाण्यात आमचा ळ वाटेत कुठेतरी पडला होता. इतकी वर्षं जगावर पाळत ठेवणाऱ्या माझ्या बाबांच्या स्वतःच्या नावातलं अक्षर चोरीला गेलं होतं आणि त्यांना पत्ता नव्हता. मला हसू येत होतं आणि रडूही.

मग बाबांनी कागद उचलून मास्तरांपुढे सरकवला. “होऊन जाऊ दे,” मास्तर म्हणाले.

पाटी रंगवायला मालाडहून एक पेंटर आला. तो मूळचा उत्तरेकडचा, त्याला ळ ची सवय नव्हती. बाबा शाळेच्या दाराशी स्टूल टाकून बसले होते, कामावर नजर ठेवायला. पेंटरने झोकात ‘फला’ रंगवलं. बाबा स्टुलावरून असे उठले की पेंटरच्या हातातला ब्रश पडला. त्यांनी त्याला जमिनीवर विटकरीच्या तुकड्याने ळ काढून दाखवला, दोन्ही गाठी नीट आल्या पाहिजेत म्हणून पुनःपुन्हा काढायला लावला, आणि पाटी मनासारखी होईपर्यंत जेवायला घरी आले नाहीत. वर पेंटर एवढ्या मुकाट्याने का ऐकतोय, असा संशयही घेतला.

पहिल्या दिवशी वर्ग भरला तेव्हा आम्ही सगळे शाळेच्या फाटकाशी उभे होतो, येतात की नाही बघायला. चाळीतली पोरं आली आणि वस्तीतली आली का म्हणून आत डोकावली. वस्तीतली आली आणि तशीच डोकावली. मग एकाच खोलीत, पण दोन घोळक्यांत बसली. बाईंनी त्यांना उंचीप्रमाणे बसवलं. दोन दिवसांचं प्रमेय त्यांनी एका दिवसात, एकदाच शिकवलं.

वर्ग सुटल्यावर बाबांनी बाईंना चहाला घरी बोलावलं. वर्गाच्या कामासाठी बाई येत, तेव्हा आईच चहा पुढे करायची. बाबांनी आपणहून बोलावल्याचं मला आठवत नाही. आईने ट्रे आणला. मी नजर टाकली. आईची मांडणी ठरलेली असे, बाईंच्या बाजूचा कप बाईंचा. बाबा नेहमीसारखे बोलत होते, पेंटरचं, पाटीचं. बोलता बोलता त्यांनी हात लांब केला, स्वतःच्या पुढ्यातला कप ओलांडला आणि बाईंच्या बाजूचा उचलला. आईचा हात ट्रेवरच राहिला. बाईंनी उरलेल्यांतला एक घेतला.

बाबांना चहा बशीत ओतून प्यायची सवय होती. त्या दिवशी ते कपाने प्यायले. शेवटच्या घोटाला त्यांनी कप वर केला तेव्हा बुडाचा लाल ठिपका सरळ बाईंच्या समोर आला. बाईंनी बघितला. मी बघितला. माणूस चुकतो तेव्हा जवळचं उचलतो, दुसऱ्याच्या पुढ्यातलं नाही, एवढं मला कळत होतं. पण माझे बाबा आहेत, त्यांच्याबाबतीत मी कशाचीच शपथ घेणार नाही.

बाई आपला कप विसळायला उठल्या. “र्‍हवांदे बाई, मी करतंय,” असं म्हणत आईने तो त्यांच्या हातातून घेतला. बाईंनी दिला. निघताना त्या दारात थांबल्या, उद्या मदतीला लवकर ये, आठवीचीही मुलं यायला लागतील असं दिसतंय, असं मला म्हणाल्या आणि पुलाच्या दिशेने गेल्या. दोन्ही आडनावांतल्या ळ चा तो हिशेब त्यांनी कधी केला असेल, खडू हातात घेण्याआधी की नंतर, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

मी आत आले तर आई मोरीपाशी पाठमोरी उभी होती. तिने वळून बघितलं नाही.

“तुझी ती नखांचो रंग काढूची बाटली खंय आसा गो?” तिने विचारलं.